मागचा एसी ऐकत नसेल तर पॅनलला सगळ्यात शेवटी हात लावा

तुमची अडचण मला समजली ती अशी. सात सीटर डिझेल एसयूव्ही, वय सहा वर्षं, पुढचा एसी ठणठणीत. मागची हवा छतातल्या जाळ्यांतून येते. तिचा नॉब १, २, ३ वर ठेवला तर काहीच नाही, ४ वर ठेवला की एकदम फुल. महिनाभरापासून ४ वरही मध्येच सगळं बंद पडतं, नॉबचा दिवासुद्धा विझतो आणि एखादा खड्डा लागला की परत चालू होतं. शिवाय हवा पूर्वीसारखी गार राहिली नाही. वर्कशॉपने मागचा कंट्रोल पॅनल बदलायला आणि गॅस टॉप-अप करायला सांगितलंय. आई-वडील मागे बसतात, उन्हाळा तोंडावर आहे, तर हो म्हणायचं का?

आत्ताच हो म्हणू नका. मी बावीस वर्षं सोलापुरात गाड्यांचे एसी आणि वायरिंग याच कामात आहे. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींची सुरुवात पॅनलपासून होत नाही, आणि नवा पॅनल टाकल्यावरही त्यातल्या दोन तरी जशाच्या तशा राहतील असं मला वाटतं.

आधी तक्रारी सुट्या करा. हवा येतच नाही, ही विजेची गोष्ट. हवा येते पण गार नाही, ही गॅसची किंवा हवेच्या वाटेची गोष्ट. हवाही येते, गारही आहे, पण नॉब सांगतो तसं होत नाही, ही कंट्रोलची गोष्ट. गाडीवाला या सगळ्याला ‘मागचा एसी गेला’ म्हणतो, आणि तिथेच तपास बिनसतो.

पहिल्या तक्रारीचं उत्तर गाडी न बघताही बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. नॉबवाल्या गाडीत ब्लोअरचा, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, स्पीड रेझिस्टरमुळे (करंट अडवणारा छोटा पार्ट) कमी-जास्त होतो. १, २, ३ वर करंट रेझिस्टरच्या वेटोळ्यांतून फिरून जातो, म्हणून मोटरला व्होल्टेज कमी मिळतं. ४ वर रेझिस्टर वगळला जातो आणि मोटरला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. या रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज असतो. तो ठरावीक उष्णतेला उडतो, म्हणजे पुढे आग लागू नये. तो उडाला की १, २, ३ एकदम बंद आणि ४ चालू. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. नॉबच्या आतले तीन वेगवेगळे कॉन्टॅक्ट एकाच दिवशी जळणं अवघड आहे, पण तिन्ही स्पीडची सामाईक वाट तुटली तर तिन्ही एकदम जातात. म्हणून आठवून बघा, तिन्ही स्पीड एकदमच गेले की एकेक करत गेले? एकदम गेले असतील तर रेझिस्टर काढा, मीटर ओहमवर लावा. पिनांच्या मध्ये काही ओहम दिसले पाहिजेत. मीटर ‘ओपन’, म्हणजे वाट तुटलेली, दाखवत असेल तर विषय संपला. हा पार्ट पॅनलच्या मानाने फारच स्वस्त असतो.

पण नुसता रेझिस्टर बदलून गाडी देणारा मेकॅनिक अर्धंच काम करतो. तो जळला का, हे विचारायलाच हवं. रेझिस्टर ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, तोच वारा त्याला गार ठेवतो. हवा अडली की तो तापतो, फ्यूज उडतो, आणि नवा टाकला तरी काही महिन्यांत तीच गत. हवा अडते मागच्या कूलिंग कॉइलवर. पुढच्या एसीला केबिन फिल्टर असतो, आपण तो वर्षाला बदलतो. मागच्या युनिटला बहुतेक गाड्यांत फिल्टरच नसतो. ते तिसऱ्या रांगेच्या बाजूच्या ट्रिममागे (आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे) बसलेलं असतं आणि हवा ओढतं ती थेट पायापाशी असलेल्या जाळीतून. म्हणजे चपलांची माती, केस, चादरीचे धागे, सगळं तिथूनच आत जातं.

मागच्या वर्षी एक गाडी आली होती, पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट अशा देवदर्शनाच्या फेऱ्या करणारी. तक्रार तुमच्यासारखीच, रेझिस्टर दोनदा बदलून झालेला. मी मागचं कव्हर उघडलं तर कॉइलवर बोटभर जाडीचा राखाडी थर होता. सुरीने कडा मोकळी केली आणि तो घोंगडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला. त्यात चुरमुरे होते, नारळाच्या शेंड्या होत्या, बायकांचे लांब केस होते आणि मध्ये एक बुक्क्याची पुडी. कॉइल साफ केली, रेझिस्टर नवा टाकला. परवा तीच गाडी सर्व्हिसला आली तेव्हा चारही स्पीड नीट चालू होते.

तुमची ‘हवा पूर्वीसारखी गार नाही’ ही तक्रार मी इथेच जोडतो. कॉइल चोंदलेली असेल तर हवा कमी येते आणि आलेली थोडीशी हवा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर छताच्या तापलेल्या डक्टमध्ये गरम होते. माणसाला वाटतं गॅस संपला. गॅस आहे तसाच असतो.

कॉइल साफ करताना प्रेशर वॉशर वापरू देऊ नका. पातळ ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची अडते. फेसवाला कॉइल क्लीनर, मऊ ब्रश आणि हलक्या धारेचं पाणी पुरतं. आधी ब्लोअर आणि रेझिस्टर काढून बाजूला ठेवा. त्याच वेळी ड्रेन पाइप तपासा. कॉइलखालच्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी ओता, ते गाडीखाली पडलं पाहिजे. पडत नसेल तर पाइप मातीने बुजलेला आहे, आणि ते पाणी आजवर आत कुठेतरी मुरत होतं. मागच्या कार्पेटखाली हात घालून बघा. ओल असेल तर तिथल्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना हिरव्या पडल्या असण्याची शक्यता मोठी आहे.

आता दुसरी तक्रार, मला जिची जास्त काळजी वाटते ती. चालता चालता सगळं बंद, नॉबचा दिवाही बंद, खड्ड्यात आपटलं की चालू. इथे कुठेतरी जोड ढिला आहे. दिवा आणि ब्लोअर दोन्ही एकदम जातात, याचा अर्थ दोघांना मिळून जी वीज येते किंवा दोघांची मिळून जी ‘अर्थ’ वायर (वीज बॅटरीकडे परत जाण्याची वाट) आहे, तिच्यात खंड पडतोय. पॅनलच्या आतला जोडही ढिला असू शकतो, हे मान्य. पण आतलं उघडण्याआधी बाहेरचं बघायचं असतं, कारण ते बघायला अर्धा तास लागतो.

ब्लोअरचा कपलर काढून नाकाशी धरा. जळका वास, पिवळट-तपकिरी झालेलं प्लॅस्टिक, एखादी पिन काळी, असं काही दिसलं तर तिथेच थांबा. मोटरचे बुश (तिचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले की ती जड फिरते, करंट जास्त ओढते, आणि मग कपलर वितळतो. मागच्या ब्लोअरला फुल स्पीडवर साधारण ८ ते १५ अँपिअर लागतात, मोटरच्या आकारावर अवलंबून. डीसी क्लँप मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला की मिनिटात कळतं. हाताने पंखा फिरवून सोडा, तो दोन-चार फेरे मोकळा फिरला पाहिजे. अडखळत असेल तर मोटर बदला, नाहीतर नवा रेझिस्टर, नवा कपलर आणि नवा पॅनल या तिघांनाही तीच मोटर खाणार. आणि कुणीही फ्यूज मोठा टाकायचा सल्ला दिला तर त्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका. २० अँपिअरच्या जागी ३० टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते, तीही तुमच्या आई-वडिलांच्या सीटमागे.

मग अर्थ. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे फार लोक फसतात. मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, ‘सप्लाय ओके’ म्हटलं आणि पॅनलवर ठपका ठेवला, असं रोज चालतं. वायरीची शेवटची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास घेतच नाही. लोड टाकल्यावर खरं रूप दिसतं. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून ठेवलाय. कपलर काढून त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांना तो बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर लाइन चांगली, मिणमिणला तर लाइन खराब. ही युक्ती जाड वायरीच्या ब्लोअर लाइनवरच करा. कंट्रोल मॉड्यूलच्या बारीक सिग्नल वायरीला बल्ब लावला तर मॉड्यूल जाईल.

मीटरनेही ही तपासणी होते, फक्त ती चालू अवस्थेत करायला हवी. गाडी चालू, ब्लोअर फुल, मीटरची एक सळई ब्लोअरच्या अर्थ पिनला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगली. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वाटेत गंज, रंग किंवा ढिला बोल्ट आहे. असंच पॉझिटिव्ह बाजूला करा. चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असतात, ब्लोअरपाशी त्यातले फार कमी झालेले नसावेत. मीटर लावलेला असतानाच दुसऱ्या माणसाला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ठिकठिकाणी हलवायला सांगा. आकडा उडाला की जागा सापडली.

एका गाडीचा मागचा पॅनल दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता. मालक थकून माझ्याकडे आला. मी काहीही उघडण्याआधी त्याला म्हटलं, मागचा एसी लावा आणि ब्रेक दाबा. ब्रेक दाबला की ब्लोअरचा आवाज खाली यायचा, सोडला की वर. ब्रेक लाइट आणि मागचा ब्लोअर एकाच बोल्टवर अर्थ झालेले होते आणि तो बोल्टच नीट धरत नव्हता. डिकीतलं डाव्या बाजूचं ट्रिम काढलं तर बोल्ट होता, रिंग टर्मिनल होतं, पण त्यांच्यामध्ये पांढरा रंग होता. वर्षभरापूर्वी मागून ठोकर बसली होती, डेंटिंग-पेंटिंग झालं, रंगाऱ्याने बोल्टच्या जागेवरही फवारा मारला आणि वायर रंगावरच कसली. रंग वीज जाऊ देत नाही, बोल्टच्या आट्यांमधून जेवढी जाईल तेवढ्यावर काम चाललं होतं. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, बोल्ट घट्ट केला, वरून ग्रीस लावलं. जुना पॅनल त्याने डिकीतच ठेवला होता, तो परत लावला आणि तो उत्तम चालला. तुमच्या गाडीचं मागच्या बाजूला काही काम झालंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झालं असेल तर पहिल्यांदा तिथे जा. मागे वूफर किंवा ॲम्प्लिफायर बसवला असेल आणि त्याची वायर ब्लोअरच्या लाइनवरून चोरलेली असेल तर तेही बघा. आणि उंदीर. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तरी त्यांना पुरतं.

ट्रिम स्वतः काढणार असाल तर एक गोष्ट पक्की पाळा. छताच्या कडेला आणि खांबांत कर्टन एअरबॅग असू शकतात. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, मग क्लिपांना हात लावा. पिवळा कपलर किंवा पिवळं आवरण असलेली वायर एअरबॅगची असते. तिला मीटर नाही, बल्ब नाही, काहीच लावायचं नाही. छतातलं काम घरी करूच नका असं मी म्हणेन, बाजूचं ट्रिम मात्र काळजीने काढता येतं.

आता गॅस. पुढच्या आणि मागच्या एसीचा कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) एकच, कंडेन्सर (तापलेला गॅस गार करणारी समोरची जाळी) एकच. कंडेन्सरनंतर लाइन फुटते, एक फाटा पुढच्या कॉइलला, एक मागच्या, आणि प्रत्येक कॉइलचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) वेगळा. पुढे झकास गार आहे म्हणजे कंप्रेसर चालतोय, त्यामुळे फक्त मागच्या तक्रारीसाठी कुणी कंप्रेसर सांगितला तर कारण विचारा. मात्र गॅस थोडा कमी झाला की पुढे जाणवायच्या आधी मागे जाणवतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे, कारण लाइन लांब आहे. म्हणून गॅसची शंका धरणं चूक नाही, न तपासता टॉप-अप मारणं चूक.

हाताने करता येणारी तपासणी सांगतो. कॉइलपाशी दोन ॲल्युमिनियमचे पाइप येतात, एक बारीक, एक जाड. एसी दहा मिनिटं चालवून दोन्हींना हात लावा. बारीक पाइप कोमट असतो, जाड पाइप गार आणि घाम आलेला हवा. जाड पाइप गार असूनही जाळीतून गार हवा येत नसेल तर गॅसला दोष देऊ नका, दोष हवेच्या वाटेत आहे: चोंदलेली कॉइल, डक्टचा निसटलेला सांधा, किंवा फ्लॅप (हवेची वाट बदलणारी झडप). जाड पाइपही कोमट असेल आणि पुढे मात्र गार असेल तर मागे गॅस पोचत नाही. मग मागचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह अडकला, काही गाड्यांत मागच्या लाइनवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असतो तो उघडत नाही, पाइप दबला, किंवा गॅस कमी झाला. पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, दगड लागतात, कोकणात खाऱ्या हवेने लवकर खातात. सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर लीकेज तिथेच आहे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं.

एसीची लाइन बंदिस्त असते, गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत होजमधून थोडा झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो गळतोय. योग्य पद्धत अशी: मशीनने उरलेला गॅस काढून वजन करायचं, लीकेज शोधून दुरुस्त करायचं, अर्धा तास तरी व्हॅक्यूम धरायचा, व्हॅक्यूम टिकतो का बघायचं, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच भरायचे. ड्युअल एसीला आकडा जास्त असतो, सिंगल एसीच्या अंदाजाने भरला तर मागचा कायम उपाशी. नुसतं गेजवर बघून भरणाऱ्याला सांगा की आर-१३४ए या गॅसच्या गाडीत ३५ अंशांच्या दिवशी लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (जास्त दाबाची) २०० ते २७० च्या आसपास येते, पण उन्हाप्रमाणे हे हलतं, म्हणून वजनच खरं. काम झाल्यावर सावलीत, दारं बंद, रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवून), दहा मिनिटांनी थर्मामीटर लावा. पुढच्या जाळीत ५ ते १०, मागच्या जाळीत १० ते १५ अंश आले तर एसी बरा आहे.

ज्यांच्या गाडीत मागे बटणांचा आणि तापमान दाखवणारा ऑटो पॅनल आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. काही गाड्यांत पुढच्या पॅनलवर मागचं कंट्रोल लॉक करायचं बटण असतं, आधी ते बघा. मुलांच्या हातून ते दाबलं जातं आणि मागचा दिवा लागतो पण बटणं ऐकत नाहीत. मागून टिक-टिक-टिक आवाज येत असेल तर फ्लॅपच्या मोटरचे प्लॅस्टिकचे दात गेले. मागे हवा सेट केल्यापेक्षा वेगळीच येत असेल तर सेन्सर तपासा. तो थंड झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून बर्फाच्या पाण्यात धरून मीटर बघितला की समजतं. गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर लागतो, पण बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोडच वाचतो. एसीचे कोड ‘बी’ने आणि मॉड्यूलमधल्या संपर्काचे ‘यू’ने सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. परदेशी, विशेषतः अमेरिकेत असाल तर बऱ्याच गाड्यांत मागे हीटरही असतो, आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्याचे पाइप पोटाखाली सडतात. कूलंट कमी होतंय का, तेही तिथे बघायचं.

पॅनल खरंच खराब असतो का? असतो. सप्लाय लोडवर बरोबर, अर्थ बरोबर, पॅनलनंतरचं (रेझिस्टर, मोटर) सगळं बरोबर, आणि तरीही पॅनलमधून बाहेर काही येत नाही, तेव्हा. बहुतेकदा त्याच्यावर चहा किंवा थंड पेय सांडलेलं असतं. तेव्हाही आधी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन बघा.

तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा राहील. आधी मागचं कव्हर उघडून कॉइल आणि ड्रेन, मग मोटर हाताने फिरवून आणि तिचा करंट मोजून, मग कपलर आणि अर्थचा बोल्ट, मग रेझिस्टर. हे झाल्यावर जाड पाइपला हात लावा आणि गॅसचं ठरवा. वर्कशॉपला जॉब कार्डवर दोनच आकडे लिहून मागा: ब्लोअर फुल असताना पॅनलच्या कपलरवरचं व्होल्टेज, आणि अर्थमध्ये पडणारं व्होल्टेज. हे दोन आकडे चांगले असूनही नॉबचा दिवा विझत असेल तर पॅनलची ऑर्डर द्या. आकडे आले की मला कळवा, आणि डिकीत डाव्या-उजव्या बाजूला कधी रंगकाम झालंय का तेही.